फळमाशीत सापडलेल्या नव्या जनुकाला नाव कसं द्यायचं?

गिरकी

नमस्कार मंडळी. इथे जीवशास्त्रातले जाणकार बरेच आहेत, म्हणून धागा काढतेय.

मी फळमाशीवर, म्हणजे ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरवर काम करते. माश्यांची नळी टेबलावर हलकेच आपटली की सगळ्या तळाशी पडतात आणि लगेच भिंतीवरून वर चढायला लागतात. आमच्या एका वाणातल्या माश्या चढतच नाहीत. चालतात, उडतात, नर माद्यांच्या मागे लागतात, सगळं ठीक. फक्त आपटल्यावर तळाशीच फिरत बसतात. बिघाड दुसऱ्या गुणसूत्राच्या डाव्या भुजेवर आहे इथपर्यंत पोचलोय, आणि ज्या जनुकावर संशय आहे त्याला अजून नावच नाही. जीनोमच्या यादीतला नुसता सीजी क्रमांक आहे.

मार्गदर्शक म्हणाले, नाव सुचवा. तेव्हापासून प्रयोगशाळेत दुसरं कामच होत नाहीये. निम्मी नावं छापण्यासारखी नाहीत.

तर प्रश्न असे: नाव शेवटी ठरवतं कोण? त्याचे नियम काय? नाव मिळाल्यावर त्या सीजी क्रमांकाचं काय होतं? आणि आपण नाव दिलं, पण त्याच जनुकाला दुसऱ्या कुणी आधीच दिलेलं निघालं तर?

उलटसुलट

"तळीराम" ठेवा. तळाशीच बसतात ना!

भिंगवाला

उलटसुलट, पहिल्याच प्रतिसादात नाव संपवलंत. :)

गिरकी, नावांमागची पद्धत आधी सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ती उलटी वाटते. फळमाशीत जनुकाचं नाव त्याच्या कामावरून पडत नाही. ते बिघडल्यावर जे दिसतं त्यावरून पडतं. १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर दिसला. त्या जनुकाचं नाव व्हाइट. म्हणजे जे जनुक शाबूत असलं की डोळा लाल होतो, त्याचं नाव पांढरं! विंगलेस पंख घडवायला लागतं. टिनमन नसेल तर माशीच्या गर्भात हृदयच तयार होत नाही. डन्स शाबूत असेल तर माशी शिकते, बिघडलं तर वास आणि विजेचा धक्का यांची सांगड तिच्या लक्षात राहत नाही.

नवख्यांना हे खटकतं, पण मला यात शहाणपण दिसतं. १९१० मध्ये व्हाइट नेमकं काय करतं हे कुणाला माहीत होतं? आज माहीत आहे की ते पेशीच्या पडद्यातून रंगद्रव्यांचा कच्चा माल आत नेणारं प्रथिन बनवतं. तेव्हा कुणी "रंग बनवणारं जनुक" असं नाव दिलं असतं तर ते चुकीचं ठरलं असतं, कारण ते रंग बनवत नाही, माल वाहतं. "डोळा पांढरा दिसतो" हे मात्र तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

लिहिण्याची रीतही त्यातूनच आली. बिघाड अप्रभावी असेल, म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्यावरच दिसत असेल, तर नावाचं पहिलं अक्षर लहान. एकाच प्रतीनं दिसत असेल तर मोठं. नॉचचं अक्षर मोठं, कारण एक प्रत गेली तरी पंखाच्या कडेला खाचा पडतात. जनुक तिरप्या अक्षरात, प्रथिन सरळ. व्हाइटचं चिन्ह नुसता लहान डब्ल्यू. मोठा डब्ल्यू वर्षानुवर्षं रिंकल्डचा होता, ज्यात पंख सुरकुततात.

आता तुम्हाला उलट प्रश्न. कॉम्प्लिमेंटेशन केलंत का? ते झाल्याशिवाय नावाची चर्चा म्हणजे बाजारात तुरी.

मावशीबाई

वाचतेय. विज्ञानाशी संबंध बारावीनंतर सुटला, तरी मजा येतेय. ते कॉम्प्लिमेंटेशन म्हणजे काय, कुणी सांगेल का?

कोषातला

मावशीबाई, मी सांगतो. दोन वाण आहेत, दोन्हीतल्या माश्या सारख्याच बिघडलेल्या. एकच जनुक बिघडलंय की वेगवेगळी दोन? त्यांचा संकर करायचा. पिल्लाला आईकडून एक बिघाड मिळतो, बापाकडून दुसरा. जनुकं वेगळी असतील तर प्रत्येकाची एक चांगली प्रत पिल्लाकडे असतेच, त्यामुळे पिल्लू धडधाकट निघतं. जनुक एकच असेल तर दोन्ही प्रती बिघडलेल्या, आणि पिल्लूही तसंच. ही कसोटी अप्रभावी बिघाडांनाच लागू पडते.

सारखं दिसणारं एकच असेल असं नाही आणि वेगळं दिसणारं वेगळंच असेल असंही नाही. दुसऱ्याचं प्रसिद्ध उदाहरण पिरियड. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांनी दिवसरात्रीचं घड्याळ बिघडलेल्या माश्यांचे तीन वाण शोधले. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, तिसरीला वेळेचा पत्ताच नाही. घाईघाईनं नावं दिली असती तर तीन जनुकं झाली असती. तपासल्यावर तिन्ही बिघाड एकाच जागी निघाले. एक जनुक, त्याची तीन बिघडलेली रूपं, म्हणजे तीन अ‍ॅलील. पुढे २०१७ चं नोबेल याच घड्याळाच्या यंत्रणेवरच्या कामाला मिळालं.

गिरकी

धन्यवाद भिंगवाला सर, कोषातला.

डेफिशियन्सी वाणांशी संकर केलेत. (मावशीबाई, या वाणांमध्ये गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडाच गायब असतो, त्यामुळे बिघाड कुठल्या तुकड्यात आहे ते कळतं.) दोन डेफिशियन्सींबरोबर पिल्लंही चढत नाहीत. त्या दोन्हींत सामाईक असलेला भाग छोटा आहे आणि त्यात मोजकीच जनुकं आहेत. अनुक्रम वाचल्यावर आमचा बदल त्या सीजीवाल्यातच दिसतो. चांगली प्रत बाहेरून घालून माश्या चढतात का, ते बघणं चालू आहे.

एक अडचण मात्र आहे. त्याच पट्ट्यात जुन्या साहित्यात एक घातक बिघाड नोंदलेला आहे. त्याला नाव नाही, नुसतं "लीथल" आणि पत्ता. आणि तो वाण आता कुठल्याच साठ्यात मिळत नाहीये.

भिंगवाला

हं. आता खरी गंमत सुरू झाली.

हे "लीथल" प्रकरण इतरांसाठी सांगतो. ज्या बिघाडात माशी मोठी होण्याआधीच मरते तिथे नाव ठेवायला दिसणार काय? म्हणून पत्त्यालाच नाव करतात. "एल, कंसात दोन, सदतीस सी, लहान सी" असं चिन्ह दिसलं तर वाचायचं: घातक, दुसरं गुणसूत्र, ३७सी या पट्ट्यातला, त्यातला सी क्रमांकाचा.

पट्टे कुठले? अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं अवाढव्य असतात. डीएनएच्या पुष्कळ प्रती शेजारीशेजारी चिकटून राहिल्यानं साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही त्यांच्यावर आडवे पट्टे दिसतात. कॅल्विन ब्रिजेस यांनी १९३५ मध्ये त्यांचा नकाशा काढला. सगळा जीनोम १०२ भागांत, प्रत्येक भाग ए ते एफ अशा सहा उपभागांत. एक्स गुणसूत्राला १ ते २०, दुसऱ्याच्या डाव्या भुजेला २१ ते ४०, उजवीला ४१ ते ६०, याप्रमाणे. इवलंसं चौथं गुणसूत्र १०१ आणि १०२ मध्ये आटपतं. डीएनए वाचण्याचं तंत्र यायला अजून कित्येक दशकं होती. तरी तो नकाशा इतका नेमका होता की आजही आपण पत्ता त्याच आकड्यांत सांगतो. विज्ञानात इतकं टिकाऊ काम मी फार पाहिलेलं नाही.

ब्रिजेस १९३८ मध्ये गेले. त्यांनी जमवलेल्या नोंदींवरून कॅथरीन ब्रेमे यांनी १९४४ मध्ये सगळ्या म्यूटंटांची, म्हणजे बिघाड असलेल्या माश्यांची, सूची छापून आणली. पुढे १९६८ मध्ये लिंडस्ले आणि ग्रेल यांची, १९९२ मध्ये लिंडस्ले आणि झिम यांची. माशीवाले याला "रेड बुक" म्हणायचे. प्रत्येक नोंदीत कुणाला सापडलं, कधी सापडलं, कसं दिसतं, नकाशावर कुठे आणि कुठली अ‍ॅलील, हे सगळं. तुमचा तो लीथल त्यातच सापडेल बघा. वाण हरवला असला तरी वर्णन हरवलेलं नसतं. ज्या डेफिशियन्सी वापरून त्यांनी तो बसवला होता त्यांतल्या काही अजून साठ्यात असू शकतात. अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या माश्यांच्या साठ्यात ७० हजारांहून अधिक वाण आहेत. त्यांच्या सीमा जुळवून बघा.

अनुक्रमणिका

मी माश्या पाळत नाही, माश्यांवरचे लेख संगणकाला वाचायला लावते. तेव्हा माझं रडगाणं ऐका.

फळमाशीच्या लोकांनी चिन्हांसाठी इंग्रजीतले रोजचे शब्दच उचलले आहेत. फोरेजिंगचं चिन्ह "फॉर". टेकआउटचं "टू". इन्फ्लेटेडचं "इफ". इनटर्न्डचं "इन". नॉनस्टॉपचं "नॉट". कॅननबॉलचं "कॅन". ब्लिस्टरीचं "बाय". आता लाखो लेखांतून "इन" या जनुकाचा उल्लेख शोधून दाखवा! तिरपी अक्षरं मजकूर काढताना गळून पडतात. लहान-मोठ्या अक्षराचा फरक वाक्याच्या सुरुवातीला संपतो.

स्प्रेडशीटचा ताप आणखी वेगळा. डिफेक्टिव्ह कोरिऑन या जनुकाचं जुनं चिन्ह "डेक-१". रकान्यात टाकलं की झाली १ डिसेंबर तारीख. माणसाच्या जनुकांचं हेच झालं. "मार्च" आणि "सेप्ट" या घराण्यांची चिन्हं तारखा बनायला लागली, आणि २०२० मध्ये नामकरण समितीनं त्यांची चिन्हं चक्क बदलली. स्प्रेडशीट बनवणारे बदलेनात, म्हणून जनुकांनी माघार घेतली.

म्हणून गिरकी, नाव काय हवं ते ठेवा. लेखात फ्लायबेस या माशीच्या जनुकांच्या सूचीतला एफबीजीएन क्रमांक मात्र न चुकता द्या. तोच खरा ओळखक्रमांक. व्हाइटचा एफबीजीएन ०००३९९६. नाव बदलेल, चिन्ह बदलेल, हा क्रमांक त्या नोंदीला धरून राहतो. दोन नोंदी एकाच जनुकाच्या निघाल्या तर एक क्रमांक मुख्य ठेवतात आणि दुसरा दुय्यम म्हणून तिथेच टांगून ठेवतात. जुना क्रमांक टाकला तरी तुम्ही बरोबर पानावर पोचता.

सीजीबद्दल विचारलंत. मार्च २००० मध्ये सेलेरा कंपनी आणि सार्वजनिक प्रकल्प यांनी मिळून माशीचा जीनोम प्रसिद्ध केला, तेव्हा संगणकानं साधारण १३,६०० जनुकं वर्तवली. तेव्हाचे हे क्रमांक. प्रथिन न बनवणाऱ्यांना सीआर. नाव मिळालं तरी सीजी पुसला जात नाही, त्याच पानावर राहतो. आणि बिनानावाची, नुसत्या सीजीवर जगणारी जनुकं अजून हजारोंनी आहेत. तुमचं काही एकटं पडलेलं नाही.

साधावैद्य

गमतीशीर नावांचं कौतुक चाललंय म्हणून दुसरी बाजू मांडतो.

माशीतली नावं माशीत राहत नाहीत. १९८० मध्ये क्रिस्टियाना न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी अळीची रचना बिघडवणाऱ्या जनुकांची यादी प्रसिद्ध केली. त्यात हेजहॉग होतं, कारण अळीच्या अंगावर हेजहॉग या काटेरी प्राण्यासारखे दाट काटे दिसत. ठीक. पुढे कणा असलेल्या प्राण्यांत त्याची भावंडं सापडली. दोघांना हेजहॉगच्या खऱ्या जातींची नावं मिळाली आणि तिसऱ्याला व्हिडिओ गेममधल्या पात्राचं, सॉनिक हेजहॉग. या जनुकात बिघाड झाला तर गर्भाच्या मेंदूचे दोन भाग नीट वेगळे होत नाहीत. काही बाळं जन्मापूर्वीच जातात. आता त्या आईबापांसमोर बसून मी जनुकाचं नाव सांगायचं? तुम्ही सांगून बघा.

माशीतल्या फ्रिंजची माणसातली भावंडं ल्युनॅटिक, मॅनिक आणि रॅडिकल. मानसिक आजारांच्या विभागात ही नावं उच्चारायची कशी? २००६ च्या सुमारास माणसाच्या जनुकांच्या नामकरण समितीनं अशा नावांचा फेरविचार केला. आता अधिकृत पूर्ण नावात एंझाइमचं लांबलचक रासायनिक नाव आहे, चिन्ह तेवढं जुनंच राहिलं.

माशी मेली तर कुणाला वाईट वाटत नाही, म्हणून तिथे विनोद चालतो. पण नाव देणाऱ्याला आपलं जनुक उद्या कुठल्या वॉर्डात पोचेल हे माहीत नसतं.

कोषातला

साधावैद्य, मुद्दा पटतो, पण मग करायचं काय? सगळीकडे आकडे?

सेव्हनलेस घ्या. माशीच्या डोळ्यात सुमारे ८०० बारीक डोळुले, प्रत्येकात प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी. सातवी पेशी अतिनील प्रकाश टिपते. सेव्हनलेस बिघडलं की ती सातवी तयारच होत नाही. आठव्या पेशीवरून सातवीला संदेश देणारं प्रथिन सापडलं, त्याच्या जनुकाचं नाव ब्राइड ऑफ सेव्हनलेस, चिन्ह "बॉस". संदेश आत पोचवणारं सन ऑफ सेव्हनलेस, चिन्ह "सॉस". मग डॉटरही आली. कुणाच्या शेजारी कोण काम करतं हे त्या नात्यांवरून एकदा डोक्यात बसलं की बसलं. हेच मला चार आकडी क्रमांकांत दिलं असतं तर परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत घोकत बसलो असतो.

आणि तुमच्याच क्षेत्रातलं सांगू? १९६० च्या दशकात ईथरची गुंगी दिल्यावर पाय थरथरवणारी माशी सापडली. तेव्हाच्या नाचावरून नाव पडलं ईथर-अ-गो-गो. माणसातल्या त्याच्या भावंडाला "हर्ग" म्हणतात, त्या लघुरूपातली ई म्हणजे तोच ईथरचा नाच. हृदयाच्या ठोक्यांसाठी लागणारी पोटॅशियमची वाहिनी. आज नवं औषध बाजारात यायच्या आधी ते हर्गला अडवत नाही ना, हे तपासावं लागतं. त्याला केसीएनएच२ असं शिस्तीतलं नाव कधीचंच दिलंय. तुम्ही स्वतः काय म्हणता?

साधावैद्य

हर्गच म्हणतो. मान्य. पण हर्गनं कुणाला दुखावत नाही. माझा आक्षेप गमतीला नाही, आजारी माणसाला लागेल अशा गमतीला आहे.

भिंगवाला

दोघांच्या मध्ये एक उदाहरण टाकतो. नर नरांच्या मागे लागतात असा वाण कुलबीर गिल यांनी १९६३ मध्ये नोंदवला. त्याला जे नाव पडलं ते त्या काळच्या इंग्रजीत समलिंगी माणसांना हिणवायला वापरत. पुढे ते सौम्य करून फ्रूटलेस केलं, कारण त्या नरांना संतती होत नाही. चिन्हाची पहिली तीन अक्षरं तीच राहिली. म्हणजे नाव बदलता येतं, आणि बदललेलं आहे. फ्लायबेसच्या नियमांतही नाव आक्षेपार्ह नसावं असं म्हटलेलं आहे.

दोन्ही नावं ठेवून काम भागवायची सोयही आहे. फॅंटम, शॅडो, शेड, डिसएम्बॉडीड, स्पूक या भुताटकीच्या नावांच्या जनुकांचे गर्भ अळी होण्याआधीच मरतात आणि त्यांच्या अंगावरची त्वचा धड तयार होत नाही. नंतर कळलं की ही सगळी कात टाकायचं संप्रेरक, एक्डायसोन, तयार करणाऱ्या कारखान्यातले कामगार आहेत, आणि सगळी सायटोक्रोम पी४५० या एकाच घराण्यातली. त्या घराण्याची स्वतःची क्रमांकपद्धत आहे, त्यामुळे फॅंटम म्हणजे सायप ३०६ए१, शेड म्हणजे सायप ३१४ए१. एंझाइमवाला क्रमांकानं शोधतो, माशीवाला भुतानं. नोंद एकच. स्पूकला आणखी एक भावंड सापडलं तेव्हा त्याचं नाव ठेवलं स्पूकिअर. हे मला अजून हसवतं.

उलटसुलट

म्हणजे तळीरामला भावंड सापडलं तर महातळीराम. ठरलं.

मावशीबाई

सगळी नावं इंग्रजीच का पण? आपलं नको का एखादं?

कोषातला

इंग्रजीच नाहीत. फुशी ताराझू आणि शिबिरे जपानी आहेत, क्रुपेल आणि गुर्केन जर्मन. तेव्हा मराठीला कुणी अडवलेलं नाही. चिन्ह रोमन लिपीत हवं, जागा न सोडता लिहिता यायला हवं आणि आधी कुणी वापरलेलं नको, जुन्या टोपणनावांतही नको. आणखी एक: पुढे ड्रोसोफिलाचा डी लावू नये. माशीच्याच सूचीत माशीची पाटी कशाला? दुसऱ्या जातीपासून वेगळं दाखवायचं असेल तर डीमेल, डीसिम असे चार अक्षरी उपसर्ग आहेतच.

अवांतर: आपली माणसं या सूचीत आहेतच. आर. पी. शर्मा यांनी १९७३ मध्ये विंगलेस नोंदवलं. पुढे ते आणि उंदरातलं कर्करोगाशी जोडलेलं इंट-१ एकच निघालं, आणि दोन्ही नावं जोडून विंट हे घराणं झालं. ओबैद सिद्दीकी आणि बेंझर यांच्या १९७६ च्या शोधनिबंधातलं कोमाटोज हे आणखी एक. तापमान वाढवलं की माशी निपचित पडते.

गिरकी

तळीराम नको रे बाबांनो, मार्गदर्शकांना विनोद समजावून सांगावा लागेल.

एक गंभीर शंका. तो जुना लीथल आमचंच जनुक निघाला तर? आमच्या माश्या तर ठणठणीत जगतात. मरणारी आणि न चढणारी, एकाच जनुकाची कशी?

भिंगवाला

सहज. तुमच्या अ‍ॅलीलमध्ये जनुक अर्धवट चालत असेल, त्यांच्यात पूर्ण बंद असेल. किंवा तुमचा बदल फक्त चेतापेशींत जनुक चालू करणाऱ्या भागात असेल.

एकाच जनुकाला किती चेहरे असतात बघा. एका वाणात गर्भ आकसून गोळा होऊन मरायचे, त्याचं नाव फेंट लिटल बॉल. एकात माद्या जगायच्या पण त्यांच्या अंड्यांचा आकार चुकायचा, ते टॉरपीडो. एकात डोळा लहान आणि खडबडीत, आणि तेही एकाच प्रतीनं, ते एलिप्स. चौथीकडे माणसातल्या वाढ-घटकाच्या ग्राहकाशी, म्हणजे त्याचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाशी, साम्य बघून लोकांनी डीएनएवरून थेट जनुकच काढलं. चौघांचं एकच निघालं! आज सूचीत ते ईजीएफआर म्हणून आहे आणि बाकीची नावं टोपणनावांत. त्या लेखकांचं श्रेय कुठे गेलं नाही, त्यांची अ‍ॅलील त्यांच्याच चिन्हानं नोंदलेली आहेत.

मान आधीच्या नावाला द्यायचा, ही साधारण रीत. पण तीही दगडावरची रेघ नाही. मी वर रिंकल्ड म्हणालो ना, ते आणि हिड एकच निघाले. रिंकल्ड कितीतरी जुनं. पण पेशी मरण्याच्या अभ्यासात सगळं जग हिडच म्हणत होतं, शेवटी सूचीनंही हिडच धरलं.

तुमचा लीथल हा पत्ता आहे, नाव नव्हे. जुळला तरी तुमच्या नावाला अडथळा होईल असं वाटत नाही. त्यांची नोंद तुमच्या नोंदीत विलीन होईल, एवढंच.

अनुक्रमणिका

मला तर "एक जनुक" हाच शब्द त्रास देतो. सूचीत एक ओळ म्हणजे एक जनुक, हे कागदावर बरं दिसतं. गार्ट या जनुकाच्या इन्ट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनासाठी न वापरल्या जाणाऱ्या मधल्या भागात, उलट्या दिशेनं वाचलं जाणारं कोषाच्या कवचाच्या प्रथिनाचं अख्खं वेगळं जनुक बसलंय. डीस्कॅम या जनुकाचे तुकडे वेगवेगळे जोडून ३८,०१६ प्रकारची प्रथिनं बनू शकतात, तरी ओळ एकच. आणि २००७ मध्ये एका गटाला टार्सल-लेस सापडलं, दुसऱ्याला पॉलिश्ड राइस. पहिल्यात पायाचे शेवटचे सांधे नाहीत, दुसऱ्यात अळीच्या अंगावरची लव नाही, पॉलिश केलेल्या तांदळासारखी गुळगुळीत. जनुक तेच. त्याआधी त्याची नोंद प्रथिन न बनवणारं म्हणून होती, कारण संगणक लांब वाक्य शोधत होता. त्यात निव्वळ ११ अमिनो आम्लांचे पेप्टाइड लपलेले होते. शंभरपेक्षा लहान काही असेल तर दुर्लक्ष करा असं आम्हीच त्याला शिकवलेलं. असे किती राहिले असतील!

म्हणून माझा आग्रह: "काय करतं" हे नावात कोंबू नका. त्यासाठी जीन ऑन्टॉलॉजी आहे. १९९८ मध्ये माशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या सूचीवाल्यांनी एकत्र येऊन ठरवलं की जनुक कुठलं रासायनिक काम करतं, कुठल्या प्रक्रियेत आणि पेशीत कुठे, हे ठरावीक शब्दांत आणि पुराव्यासकट वेगळं नोंदवायचं. कामाची समज बदलली तर ती नोंद बदलते, नाव जागच्या जागी राहतं.

साधावैद्य

ही सूची चालवतं कोण? पगार कोण देतं?

अनुक्रमणिका

फ्लायबेस. १९९२ पासून. मुख्य पैसा अमेरिकी सरकारी संशोधन संस्थेचा, आणि शोधनिबंध वाचून नोंदी करणारी खरीखुरी माणसं हार्वर्ड, केंब्रिज, इंडियाना अशा ठिकाणी. २०२५ मध्ये हार्वर्डचे निधी थांबवले गेले त्यात फ्लायबेसही सापडलं, लोकांना कामावरून जावं लागलं आणि जगभरच्या माशीवाल्यांकडे वर्गणी मागायची वेळ आली. एखादं नाव चांगलं की वाईट यावर आपण रात्ररात्र भांडतो, आणि ते नाव नोंदवून घेणारा माणूस पुढच्या वर्षी खुर्चीत असेल का, हे कुणी विचारत नाही. मला या धाग्यातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच वाटतो.

उलटसुलट

+१. (गंभीरपणे.)

कोषातला

अवांतराचं अवांतर: माशीचं स्वतःचं नावही वादात होतं. ड्रोसोफिला या वंशाची नमुना जात मेलॅनोगॅस्टर नाही, फ्युनेब्रिस आहे. वंशाचे तुकडे करायची वेळ आली तर नाव फ्युनेब्रिसकडे जाईल आणि आपली माशी सोफोफोरा मेलॅनोगॅस्टर होईल. मेलॅनोगॅस्टरलाच नमुना जात करा असा अर्ज प्राणिनामकरण आयोगाकडे केला होता, तो २०१० मध्ये फेटाळला गेला. अजून तरी सगळे ड्रोसोफिलाच म्हणताहेत.

गिरकी

सगळ्यांचे आभार. जुन्या सूचीतलं लीथलचं वर्णन मिळालं. तो ज्या डेफिशियन्सींनी बसवला होता त्यांतल्या एकीची सीमा आमच्या जनुकाच्या अलीकडेच संपते, म्हणजे तो शेजारचाही असू शकतो. वाण नसताना याहून पुढे जाता येणार नाही. क्रिस्पर या डीएनए कापायच्या तंत्रानं आमचं जनुक पूर्ण काढून बघायचं ठरलंय. तशा माश्या मेल्या तर संशय वाढेल, जगल्या तर लीथल बहुधा शेजारचा.

तोवर प्रयोगशाळेच्या वहीत सीजी क्रमांकच लिहितोय. मावशीबाईंच्या आग्रहामुळे मराठी नावांची एक यादी केली आहे, पण त्यातल्या पहिल्याच नावाचं तीन अक्षरी चिन्ह आधीच कुणाचं तरी टोपणनाव निघालं.

भिंगवाला

चार अक्षरी करा. आणि फ्लायबेसला आत्ताच लिहा, लेख स्वीकारला जाईपर्यंत थांबू नका. नाव मोकळं आहे का हे ते छापण्याआधी सांगतात. पत्रात सीजी, एफबीजीएन, तुमच्या अ‍ॅलीलमधला नेमका बदल आणि कुठल्या डेफिशियन्सींबरोबर तपासलं ते सगळं द्या. अ‍ॅलीलचं चिन्ह वरच्या बाजूला बारीक अक्षरात येतं, तिथे नुसता १ टाकलात तरी चालेल. क्रिस्परवाल्याला वेगळं चिन्ह द्या, दोन्ही एकाच नावानं फिरायला लागले तर पुढचा विद्यार्थी तुम्हाला शिव्या घालेल.

आणि वाण साठ्यात पाठवा. त्या लीथलचं काय झालं ते बघताच आहात.